समुद्राचे भय आणि बोटीचा प्रवास

काकतीपासून समुद्र फार दूर नाही. नकाशावर पट्टी ठेवून पाहिल्यास बेळगाव आणि वेंगुर्ले ही दोन्ही गावे जवळजवळ एकाच अक्षांशावर येतात आणि त्यांच्यामधले सरळ अंतर नव्वद किलोमीटरांच्या आसपास भरते. रेल्वे येण्यापूर्वी बेळगावचा मुंबईशी चालणारा व्यापार वेंगुर्ल्याच्या बंदरातूनच होत असे. असे असूनही आपल्या भागातील माणसाचा समुद्राशी संबंध एखाद्या सहलीपुरता असतो. आमच्या गावाजवळून वाहणारी मार्कंडेय नदीसुद्धा समुद्राकडे पाठ करून पूर्वेस जाते, गोकाकच्या बाजूला घटप्रभेस मिळते, घटप्रभा कृष्णेस मिळते, आणि आमच्या शिवारातले पाणी शेवटी बंगालच्या उपसागरास पोचते. शेजारच्या खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई मात्र सरळ पश्चिमेस गोव्यात उतरते. या म्हादईचे नाव पुढे एकदा येणार आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय आहे मोकळ्या समुद्राचे भय. किनाऱ्यावर उभे राहून लाटा पाहणे सर्वांनाच आवडते. परंतु चारी बाजूंना पाणीच पाणी आहे, जमीन कोठेही दिसत नाही, पायाखाली किती खोल आहे हे ठाऊक नाही, अशा स्थितीची नुसती कल्पना केली तरी काहींच्या पोटात गोळा उठतो. मी त्यांपैकी एक. राणी चन्नम्माच्या माहेरच्या गावचा माणूस पाण्याला भितो, म्हणून माझी पुष्कळ थट्टा झालेली आहे. १८२४ साली इंग्रजांशी लढणारी ती राणी आमच्या काकतीच्या देसायांची लेक. पण तिची लढाई कित्तूरच्या किल्ल्यात झाली, जहाजावर नव्हे, असे उत्तर मी देत असे.

एवढ्यावर भागले असते. परंतु माझी थोरली बहीण गेल्या वर्षी सत्तरीस पोचली. ती नऊ वर्षांची असताना वडिलांनी तिला वेंगुर्ल्याहून आगबोटीने मुंबईस नेले होते. त्या काळी कोकण किनाऱ्यावरून मुंबई-गोवा बोटी चालत; पावसाळ्यात बंद आणि पाऊस संपला की पुन्हा सुरू. पुढे ती वाहतूक कायमची बंद पडली आणि ताईच्या मनात तो प्रवास तसाच राहून गेला. २०१८ साली 'आंग्रिया' नावाची बोट मुंबई-गोवा मार्गावर सुरू झाली, ती थोडीच वर्षे चालली. २०२१ पासून मुंबईहून आणखी मोठ्या पर्यटन बोटी सुटू लागल्या. ताईचा गुडघा अधू, तिला एकटीला पाठवणे शक्य नाही, आणि तिला सोबत करू शकेल असा घरात मी एकटाच मोकळा. "तू येणार नसशील तर माझंही राहू दे," एवढेच ती म्हणाली. राहू दे म्हणजे कायमचे राहू दे, हे सांगण्याची गरज नव्हती. मग मी या भयाचा अभ्यास करावयाचे ठरविले. त्यासाठी सहा महिने हाताशी होते.

भय मोठे असले की ते एकसंध वाटते. मी एक शंभर पानी वही घेतली आणि आपल्याला नेमके कशाचे भय वाटते ते लिहून काढले. तेव्हा ध्यानात आले की यात किमान चार वेगळी भये एकमेकांत गुंतलेली आहेत. पहिले खोलीचे. दुसरे किनारा दिसेनासा होण्याचे. तिसरे बोट बुडण्याचे. चौथे, ज्याची आपण कोणाला फारशी वाच्यता करीत नाही, ते बोट लागण्याचे, म्हणजे चारचौघांत उलट्या होऊन फजिती होण्याचे. प्रत्येकासमोर मी दहापैकी गुण मांडले. किनारा दिसेनासा होण्यास नऊ गुण पडले, बुडण्यास सात. याचे मला स्वतःलाच नवल वाटले.

आता खोलीचे पाहू. आपल्या मनात कोठेतरी असा समज असतो की पाणी जितके खोल तितकी बोट खाली ओढली जाण्याची शक्यता अधिक. शाळेत आपण सर्वांनी आर्किमिडीजचा सिद्धांत पाठ केला, परंतु त्याचा हा अर्थ कोणी समजावून घेतला नाही. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते. तिच्या तळाखाली पाणी हातभर आहे की हजार मीटर, याचा तरंगण्याशी काही संबंध नाही. परातीतल्या पाण्यावर तरंगणारी वाटी साठ फूट विहिरीतही तेवढीच बुडते आणि तेवढीच वर राहते. उलट समुद्राचे पाणी खारे असल्याने गोड्या पाण्याहून जड असते. लिटरमागे सुमारे पंचवीस ग्रॅम अधिक. म्हणून तीच बोट नदीपेक्षा समुद्रात किंचित वर तरंगते.

शिवाय मुंबई-गोवा मार्गावरचा समुद्र आपण समजतो तितका खोल नाहीच. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत जमिनीचा उथळ भाग समुद्राखाली दूरवर पसरलेला आहे. त्यास समुद्रबूड जमीन म्हणतात. मुंबईसमोर ती सुमारे तीनशे किलोमीटर रुंद आहे आणि दक्षिणेकडे अरुंद होत जाते. किनाऱ्याच्या समांतर जाणारी बोट याच जमिनीवरून जाते आणि तेथे पाणी शंभर मीटरांच्या आत असते. मुंबईहून २०२१ साली ज्या बोटीने या सफरी सुरू केल्या तिची लांबी सुमारे २११ मीटर. ती त्या पाण्यात उभी टेकविली तर निम्म्याहून अधिक वर राहील. विजयदुर्गाच्या पश्चिमेस शंभर-एक किलोमीटरवर, जेथे जमिनीचा मागमूस दिसत नाही तेथे, पाण्याखाली प्रवाळांचे एक विस्तीर्ण पठार आहे. त्याचा माथा पृष्ठभागापासून वीस-पंचवीस मीटरांवरच येतो. कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून त्यास आंग्रिया बँक म्हणतात. इतक्या दूर, भर समुद्रात, तळ इतका जवळ असेल असे मला स्वप्नातही वाटले नव्हते. हे वाचल्यावर वहीतले खोलीचे गुण सातांवरून तिनांवर आले.

किनारा दिसेनासा होण्याचे भय याहून चिवट. त्याचे कारण आपल्या राहणीत आहे असे मला वाटते. काकतीत घराबाहेर पडले की डोळ्यांना टेकायला काहीतरी असतेच: डोंगर, उसाचे फड, महामार्गावरची रहदारी, लांबवर येळ्ळूरच्या राजहंसगडाची टेकडी. दिशा आपण विचार करून ओळखत नाही, या खुणांवरून आपोआप ओळखतो. खुणा गेल्या की मन बावरते. येथे थोडे गणित उपयोगी पडते. पृथ्वी गोल असल्याने समुद्रकाठी उभ्या असलेल्या माणसास क्षितिज सुमारे साडेचार किलोमीटरवर दिसते. आपल्याला जो 'अनंत' सागर वाटतो तो एवढाच. काकतीहून बेळगाव याहून लांब आहे. डोळ्याची उंची मीटरमध्ये घेऊन तिचे वर्गमूळ काढावे आणि त्यास ३.५७ ने गुणावे, म्हणजे क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. बोटीच्या पंचवीस मीटर उंच डेकवरून हे अंतर सुमारे अठरा किलोमीटर होते. त्यापलीकडे सह्याद्रीसारखा उंच डोंगर असेल तर त्याचा माथा आणखी पुष्कळ दुरून दिसू शकतो, हवा मात्र स्वच्छ हवी. म्हणजे किनारा जातो तो कोठे नाहीसा होत नाही, पृथ्वीच्या बाकाआड झुकतो. विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतः करून पाहावे. भूगोलाच्या तासाला ते कंटाळवाणे वाटते. बोटीच्या कठड्याला धरून उभे असताना वाटत नाही.

बुडण्याच्या भयाकडे मात्र हसण्यावारी नेऊन चालणार नाही, कारण त्यामागे खरा इतिहास आहे. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावस्येच्या दिवशी, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट वादळी समुद्रात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. सणासाठी गावी निघालेले गिरणी कामगार, कोळी, बायका, मुले. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती. सकाळी बोट बुडाली, परंतु पोहून आलेल्यांकडून मुंबईस ती बातमी कळेपर्यंत दिवस कलला होता. कोकणात आणि मुंबईत कित्येक घरांत बोटीचे नाव काढणेही त्यानंतर टाळले जाई. आमच्या वडिलांच्या पिढीने ही हकीकत ऐकलेली होती आणि तरी ते ताईला घेऊन बोटीत चढले, याचा विचार मी या सहा महिन्यांत प्रथमच केला.

'रामदास' कोठे बुडाली हे लक्षात घ्यावे. किनाऱ्यापासून अल्प अंतरावर, आणि ऐन पावसाळ्यात. इटलीची 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' ही प्रचंड पर्यटन बोट १३ जानेवारी २०१२ रोजी जिल्यो बेटाच्या खडकावर आपटून कलंडली, तीही किनाऱ्याच्या अगदी जवळून जात असल्यामुळे; त्यात ३२ माणसे गेली. 'टायटॅनिक' १९१२ साली भर समुद्रात हिमनगावर आदळली हे खरे, परंतु अरबी समुद्रात हिमनग येत नाहीत. खडक, उथळ पाणी, खाडीच्या तोंडावरची वाळू आणि फुटणारी लाट ही सगळी संकटे किनाऱ्यालगतची आहेत. लाट उथळ पाण्यात आली की तिचा पाय अडतो आणि माथा पुढे कोसळतो. मोकळ्या समुद्रात हिवाळ्याच्या दिवसांत तीच लाट भाताच्या पिकावरून वारा जावा तशी नुसती वरखाली होत निघून जाते. पाणी पुढे जात नाही, आकार तेवढा पुढे जातो. जमीन जवळ असली की आपण निर्धास्त होतो आणि दूर गेली की घाबरतो. खलाशी याच्या नेमका उलट असतो. जमीन जवळ आली की तो सावध होतो.

'टायटॅनिक'नंतर १९१४ साली देशोदेशींच्या प्रतिनिधींनी जहाजांवरील सुरक्षिततेचा आंतरराष्ट्रीय करार केला. त्यात वेळोवेळी भर पडत गेली. आज मोठ्या प्रवासी बोटीवर सर्वांना पुरेल एवढी जीवरक्षक साधने आणि अहोरात्र चालणारी संदेशयंत्रणा असावीच लागते. बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताच प्रवाशांना संकटसमयी कोठे जमावयाचे याची तालीम द्यावी लागते. भोंग्याचे सात छोटे आणि एक लांब सूर ही त्याची खूण. मोठी बोट एका बाजूला कलली तरी सरळ होते, कारण यंत्रे, इंधन यांसारखा जड भार तळाशी असतो आणि कललेल्या बाजूचे पाणी तिला परत वर रेटते. तंजावरच्या गोल बुडाच्या बाहुलीस टपली मारून पाहावी, तत्त्व पुष्कळसे तेच.

ज्ञानाने भय निम्मे होते, उरलेले निम्मे सवयीने जाते. हे माझे मत नाही, मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगाने दाखविलेले आहे. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन विदुषीने सशाला भिणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाला, त्याला आवडीचा खाऊ देत देत, ससा रोज थोडा थोडा जवळ आणून निर्भय केले. पुढे १९५८ साली जोसेफ वोल्पे यांनी याच धर्तीची पायरीपायरीची पद्धत ग्रंथरूपाने मांडली. त्यांच्याही आधी जर्मन कवी गटे याने उंचीचे भय घालविण्यासाठी स्ट्रासबुर्गच्या देवळाच्या मनोऱ्यावर पुन्हा पुन्हा चढण्याचा उपाय केला होता. युक्ती एवढीच की पायरी लहान हवी, आणि भय शिगेला असताना पळून यायचे नाही. पळालो की मन शिकते की पळाल्यामुळे वाचलो. थांबलो तर वीस-पंचवीस मिनिटांत छातीची धडधड आपोआप उतरते.

माझी पहिली पायरी वेंगुर्ल्याचा किनारा. गुडघाभर पाण्यात, किनाऱ्याकडे पाठ करून, फक्त क्षितिजाकडे पाहत अर्धा तास. तेथल्या एका म्हाताऱ्या कोळ्याने विचारले, "काय हरवलां काय तुमचां?" दुसरी पायरी पणजी-बेती फेरी. मांडवी ओलांडायला चारपाच मिनिटे लागतात. मी एका सकाळी आठ वेळा ये-जा केली. ही मांडवी म्हणजे आपली खानापूरची म्हादईच. याच नदीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात 'म्हादेई' ही छप्पन्न फुटी शिडाची नौका बांधली गेली. नौदलातील कमांडर दिलीप दोंदे यांनी ती एकट्याने हाकून १९ ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात पृथ्वीप्रदक्षिणा केली. एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वी ओलांडणारे ते पहिले भारतीय. पुढे 'तारिणी' नौकेवरून सहा महिला नौदल अधिकाऱ्यांनी १० सप्टेंबर २०१७ ते २१ मे २०१८ या काळात हीच प्रदक्षिणा केली. त्यांच्या कप्तान वर्तिका जोशी उत्तराखंडच्या, जेथे समुद्र मुळीच नाही. आमच्या भागातील मुले भूदलात मोठ्या संख्येने जातात, बेळगावास मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्रच आहे; नौदलाचे नाव काढले की मात्र घरची मंडळी नको म्हणतात. त्यांनी हे वाचावे.

तिसरी पायरी मालवणहून सिंधुदुर्ग. छोटी होडी, पाण्याला हात लागेल इतकी बुटकी, आणि चांगली डोलणारी. मोठ्या बोटीपेक्षा ही कठीण, असे माझे स्पष्ट मत आहे. चौथी पायरी भाऊचा धक्का ते मांडवा. २०२० पासून तेथे मोटारीसह माणसे नेणारी बोट चालते, तास-सव्वा तासाचा प्रवास. 'रामदास' ज्या धक्क्यावरून निघाली तोच धक्का आणि त्याच बाजूचे पाणी. ताई सोबत होती. तिने पिशवीतून थोडी फुले काढून पाण्यात सोडली आणि काही बोलली नाही.

बोट लागण्याविषयी लिहावयाचे राहिले. आपल्याकडे आंबोली घाटात गाडी लागते, त्यातलाच हा प्रकार. कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते की आपण हलतो आहोत, डोळ्यांना समोरची भिंत स्थिर दिसते. मेंदूला दोन साक्षी जुळत नाहीत आणि पोट ढवळते. यावर उपाय डोळ्यांना खरे दाखविण्याचा. उघड्या डेकवर यावे, क्षितिजावर नजर ठेवावी, वाचन करू नये. खोली घेताना बोटीच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घ्यावी, तेथे हेलकावे कमी. पोट अगदी रिकामे ठेवू नये. आल्याचा तुकडा चघळावा. औषध घ्यावयाचे तर डॉक्टरांना विचारून आणि बोट सुटण्याआधी, मळमळ सुरू झाल्यावर नव्हे. बहुतेकांना दोन-तीन दिवसांत सवय होते, सर्वांना नाही. चार्लस् डार्विन 'बीगल' जहाजावर १८३१ ते १८३६ फिरला आणि त्यास शेवटपर्यंत त्रास होत राहिला, तरी त्याचे काम अडले नाही. नेल्सनसारख्या दर्यावर्दी सेनापतीसही बोट लागत असे. यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

ज्यांना हृदयविकार आहे किंवा ज्यांचा भयाने श्वास कोंडतो, घाम फुटून भोवळ येते, त्यांनी असले प्रयोग आपल्या मनाने करू नयेत. धारवाडला मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, तेथे सल्ला मिळतो. आणि जून ते सप्टेंबर हौसेने बोटीत बसण्याचा हट्ट कोणीही धरू नये. त्या महिन्यांतले भय हे भय नव्हे, शहाणपण आहे. जुने खलाशीही नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यावर जात नसत.

डिसेंबरात आम्ही मुंबईहून निघालो. तालीम झाली, सात सूर आणि लांबलेला आठवा ऐकला, जमण्याची जागा पाहून ठेवली. सूर्य मावळल्यावर किनाऱ्यावरचे दिवे एकेक करीत गेले आणि शेवटी पाण्यावरचा अंधार तेवढा उरला. मी कठड्याला धरून घड्याळ पाहत उभा होतो. पहिली दहा मिनिटे वाईट गेली. बाविसाव्या मिनिटाला मला भूक लागली. ताई आतून शाल घेऊन आली आणि वेंगुर्ल्याच्या त्या जुन्या बोटीवर लोक वळकट्या पसरून डेकवरच कसे झोपत, हे तिने पुन्हा एकदा सांगितले. उत्तररात्री मासेमारीच्या होड्यांचे दिवे दिसू लागले. एका कर्मचाऱ्यास विचारले तेव्हा तो म्हणाला की आता रत्नागिरी मागे पडली.

परत आल्यावर ताईने लक्षद्वीपच्या सफरीचे माहितीपत्रक आणवून घेतले आहे. त्या वाटेवर मात्र खरोखर खोल समुद्र लागतो, हजार मीटरांहून अधिक. वहीत खोलीसमोर मी पुन्हा पाच गुण मांडले आहेत.